अंतर मोजायची दुर्बीण

मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला आमच्याकडे आठवडाभर पारावर बसवून घेतात आणि काय पाहिलं, काय खाल्लं, सगळं वदवून घेतात. मला येऊन दोन महिने होत आले. मला कुणी विचारलं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. ज्यांनी नाहूर, अंधेरी, मढ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे आहे, आणि ज्यांना मी तोंडी सांगितलं पण ज्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्यांच्यासाठीही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याला, एका अरुंद खोऱ्यात. वडिलांच्या मागे शेतीराखणीची बारा बोअरची बंदूक माझ्या नावावर झाली. मक्याला कणीस भरलं की रानडुकरं उतरतात आणि एका फेरीत एकरभर पीक झोपवतात. मग अर्ज करायचा. वनखात्याचा कागद येतो, दिवस ठरतो, वनरक्षक हजर राहतो आणि गाव डुक्कर मारायला निघतं. हाकारे ओरडत, डबे वाजवत एका अंगानं रान उठवतात आणि आम्ही बंदूकवाले वाटा धरून बसतो. हाकाऱ्यांचा म्होरक्या होता नामदेव. आम्ही त्याला नामा म्हणायचो. चौथीपर्यंत आम्ही एकाच वर्गात शिकलो. पुढे मी शाळेतच राहिलो आणि तो रानात गेला.

गेल्या हंगामात, दिवस कलताना, घळीच्या पलीकडे एक मोठा नर बाहेर आला. मी अलीकडच्या दगडावर बसलो होतो. बार टाकला. डुक्कर मागच्या पायांवर बसलं, तसंच उठलं आणि करवंदीच्या जाळीत शिरलं. आमच्याकडे एक रीत आहे, ती कुठे लिहिलेली नाही आणि आजवर कुणी मोडलेली मला माहीत नव्हती. ज्याचा बार लागला त्यानं माग काढायचा. जखमी जनावर रानात सोडून घरी यायचं नाही आणि आपल्याऐवजी दुसऱ्याला पुढे घालायचं नाही. घळीतून नामानं हाक दिली, "गुरुजी, लागला का?"

मी म्हणालो, "हुकला. लांब होतं."

हुकला नव्हता. डुक्कर बसलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जखमी नर जाळीत दबा धरून बसला की काय करतो, ते मला पक्कं ठाऊक होतं. मला भीती वाटली, माझे पाय उठेनात, एवढंच खरं कारण आहे. नामा जाळीत शिरला. डुकरानं त्याची मांडी वरपासून खाली फाडली. जीप डांबरी रस्त्याला लागायच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी डुक्कर ओढ्यात मेलेलं सापडलं. अंगात माझी गोळी होती. तेव्हा गावानंच माझी बाजू घेतली. एवढ्या लांबून लागली की नाही, हे गुरुजींना कसं कळावं? वनरक्षकानं डुक्कर बसल्याची खूण आणि रक्त बघून तिथे खुंटी ठोकली आणि मला अंतर विचारलं. मी म्हणालो, दोनशे पावलं. त्यानं तसं लिहून घेतलं. आता आमच्या खोऱ्यात अंतर पायांनीच सांगतात. घळीत उतरायचं, वळणं घेत पलीकडे चढायचं, की माझ्या दगडापासून त्या खुंटीपर्यंत दोनशे पावलं होतात, वर चार-दोन. गोळी काही घळ उतरून चढून जात नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. छत्तीस वर्षं पोरांना भूमिती शिकवलेला मी तर गप्पच राहिलो.

नवा हंगाम तोंडावर आला तसं गावकीनं ठरवलं की अंतरानं घात केला, तर अंतर मोजायचं यंत्र आणू. यंत्र निवडायला शिकलेला माणूस हवा, म्हणून माझं नाव निघालं. मी नको म्हणालो तर कारण सांगावं लागलं असतं. नामाची मुलगी अस्मिता मुंबईत इमारतींच्या कामांवर सर्व्हेअर आहे, दिवसभर लेसरनं मोजमापं घेते. सरपंचांनी तिलाच फोन लावला. ती म्हणाली, "गुरुजींना आमच्याकडेच उतरायला सांगा."

नाहूर

अस्मिताचं घर नाहूर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, सातव्या मजल्यावर आहे. आमच्याकडे दिवसा दार लावलं तर घरात कुणी आजारी आहे का म्हणून विचारायला येतात. इथे एका मजल्यावर सहा दारं आणि सहाही बंद. तिच्या दारावर पितळी पाटी होती. वर नामदेवचं पूर्ण नाव, खाली तिचं. नामा या घरी फक्त दोनदा येऊन गेला होता, लिफ्टमध्ये गुदमरतं म्हणून जिन्यानं चढायचा, असं तिनंच सांगितलं. मी बेल न वाजवता त्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. शेवटी शेजारच्या बाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "कोण पाहिजे?"

नामा गेल्यावर शांतावहिनी लेकीकडे राहायला आल्या. त्यांनी दार उघडलं. अंगानं निम्म्या झाल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, गावच्या म्हशीपासून शाळेच्या पत्र्यापर्यंत सगळ्याची चौकशी केली. भिंतीवर बुद्धाची मूर्ती ठेवायला छोटी फळी होती आणि तिच्याखाली नामाचा फोटो. फोटो आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातला होता. त्यात बाजूला माझा खांदा दिसत होता, बाकीचा मी कापला गेलो होतो.

खिडकीतून रुळांच्या पलीकडे, मुलुंडच्या बाजूला डोंगर दिसत होते. तिथे बिबटे आहेत, अस्मिता म्हणाली, आणि कधीमधी सोसायट्यांच्या आवारात येऊन कुत्री उचलतात. मी विचारलं, मग लोक काय करतात? ती म्हणाली, "व्हिडिओ काढतात." मला हसू आलं, आणि या घरात हसू आल्याची लाज वाटली.

जेवायला ज्वारीची भाकरी, सुकट आणि मिरचीचा खर्डा होता. सुकट मुलुंडच्या बाजारातली, पण हात गावाकडचाच. वहिनी भाकरी वाढताना म्हणाल्या, "गुरुजी, आमच्यात पहिल्यांदाच जेवताय तुमी."

खरं होतं. आमचं घर आणि नामाचं घर एकाच गावातलं, पण गावात मी त्यांच्या दारी पाणीही उभ्यानंच प्यालो होतो. घाई आहे म्हणायचो. मला कधीच घाई नसायची. शाळेत समतेचा धडा मी फार रंगवून शिकवायचो, असं माझे विद्यार्थी अजून सांगतात.

"आता रोज जेवा," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना लई वाटायचं, गुरुजींनी एकदा बसावं म्हणून."

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. घास तोंडात होता, तो गिळला आणि म्हणालो, सुकट फार चांगली झाली आहे.

अंधेरी

दुसऱ्या दिवशी अस्मितानं सुट्टी काढली. घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरीला गेलो. मेट्रो लोकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांजवळून जाते. कुणी दाढी करत होतं, कुणी देवाला फूल वाहत होतं आणि गाडीतलं एकही माणूस तिकडे बघत नव्हतं. आमच्या एसटीतून कुणाच्या अंगणात गाय व्याली तरी सगळी गाडी एका बाजूला कलते.

दुकान म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक गाळा होता. मोजणीची यंत्रं, तिपाया, काठ्या यांनी भरलेला. मालक राणे, चाळिशीचे, बोलायला सुसाट. अस्मिताला ते कामामुळे ओळखत होते.

"काका, बसा ना. कशासाठी पाहिजे? गोल्फ?"

"डुक्कर," मी म्हणालो.

अस्मितानं त्यांना परवानगी, वनखातं, मका, सगळं समजावलं. मग त्यांनी तीन यंत्रं काढून टेबलावर मांडली. मुठीत मावतील एवढ्या एकडोळी दुर्बिणी. डोळ्याला लावायची, वरचं बटण दाबायचं की समोरच्या वस्तूवर लेसरचा किरण जाऊन परत येतो आणि आत आकडा उमटतो.

"हे बघा, एकदम झकास पीस आहे," त्यांनी पांढरं यंत्र माझ्या हातात दिलं. "सगळे हेच नेतात."

मी डोळ्याला लावलं. काळोख. बटण दाबलं. काळोखच. छत्तीस वर्षांच्या शिक्षकाला वस्तू उलटी धरल्याचं सांगणं राणेंना जड गेलं असावं, ते नुसते खाकरले. यंत्र सुलट केलं तरी चष्म्यामुळे कडेला काळं कडं दिसत होतं. मग कळलं की डोळ्याकडचं रबर दुमडता येतं, आणि चष्मेवाल्यानं ते तपासल्याशिवाय यंत्र घेऊ नये. ही गोष्ट मी वाचकांसाठी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण या प्रवासात मला उपयोगी असं तेवढंच कळलं, असं मी तेव्हा समजत होतो.

आम्ही गॅलरीत गेलो. समोरच्या इमारतीच्या टाकीवर धरलं, चौऱ्याण्णव. खालच्या चहाच्या टपरीवर धरलं, एकतीस. मला मजा वाटू लागली. आकडा इतका झटकन येत होता की मी दिसेल त्यावर बटण दाबत सुटलो. तेवढ्यात खालून वॉचमननं हाक मारली, "ओ काका, काय चाललंय? तिकडे बिल्डिंगमधे लेडीज राहतात, कळत नाय काय?" राणेंनी त्याला हातानं शांत केलं. मी आत येऊन बसलो. कानशिलं तापली होती.

"रेंज किती लागेल तुम्हाला?" राणेंनी विचारलं. "म्हणजे, नेहमी किती लांबून मारता?"

"दोनशे पावलं," माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

"पावलं नको, गुरुजी," अस्मिता म्हणाली. "मीटरमधे सांगा. मीटर मला तुम्हीच शिकवलाय. तिसरीत, शाळेच्या व्हरांड्यात. काठी धरून."

मी म्हणालो, अंदाजे दीडशे मीटर असेल. राणेंना तिनं विचारलं, "आणि समोर झुडपं असतील, गवत असेल, तर हे कशाचा आकडा देणार?"

"हे गोल्फचं आहे ना, हे जवळचं पकडतं. मागे झाडं असली तरी पुढचा झेंडा पकडायचा, त्यासाठीच बनवलंय. म्हणजे तुमच्या केसमधे झुडूपच पकडणार." राणेंनी डोकं खाजवलं. "तुम्हाला शिकारीचं पाहिजे. ते उलटं असतं. पुढची काडी-कचरा सोडून देतं आणि लांबचं धरतं. आकडे पण लाल उमटतात, संध्याकाळचे दिसतात. ह्याचे काळे आहेत, अंधारात वाट लागणार. पण शिकारीचं इथे कोण घेतं यार? मी ठेवत नाही."

"आणि मधे घळ असेल तर?" अस्मितानं विचारलं.

"मधे काय पण असू दे. सरळ मोजणार. हवेतून."

"सरळ मोजणार," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता आपली पर्स आवरू लागली.

ही पोर वर्गात कधी हात वर करायची नाही, पण उत्तर तिला आधीच माहीत असायचं, ते मला आठवलं.

राणेंनीच पुढचा रस्ता दाखवला. मढच्या एका नाखव्याकडे, म्हणजे होडीच्या मालकाकडे, शिकारीचं यंत्र होतं. भाच्यानं परदेशातून आणलेलं. नाखवा बॅटरी घ्यायला आला होता तेव्हा विकायचं म्हणत होता. राणेंनी फोन लावून दिला.

मढ

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपार टळल्यावर वेसाव्याहून, म्हणजे वर्सोव्याहून, होडीनं खाडी ओलांडली. ओलांडली म्हणजे काय, बसलो आणि उतरलो. रस्त्यानं जायचं तर मालाडवरून वळसा घालून तास-दीड तास मोडतो, असं शेजारी बसलेली मासळीवाली बाई म्हणाली. मी पाण्यापलीकडची वेसाव्याची घरं बघत होतो. माणसं ओळखू येतील इतकी ती जवळ होती. अस्मिता शेजारीच होती.

किनाऱ्याजवळ बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, रांगाच्या रांगा, जबडे एकमेकांत अडकवून. जरा पुढे एका बंगल्यावर शूटिंग चालू होतं. फाटकाबाहेर पोलिसांच्या वेशातली चार माणसं वडापाव खात होती. खऱ्या पोलिसासमोर मी कधी नीट उभा राहिलो नव्हतो. पंचनाम्याच्या वेळी हवालदारानं उलट मलाच खुर्ची दिली होती.

जनूनाखवा सत्तरीचे. कमरेला रुमाल, अंगावर बनियन, डोळ्यांभोवती उन्हाच्या सुरकुत्या. त्यांच्या सुनेनं तांदळाची भाकरी आणि जवळा समोर ठेवला. खाल्ल्याशिवाय धंद्याचं बोलायचं नाही, असा त्यांचा नेम दिसला. मग त्यांनी ट्रंकेतून हिरवं यंत्र काढलं.

"भाच्याला वाटला, मामाला जाळी टाकायला बरा पडेल. पण पाण्यावर मारला का आकडाच येत नाय. पानी काय परत देत नाय."

"मग तुम्ही अंतर कसं ओळखता?" मी विचारलं.

"देवळाचा कलस नी त्यो ताड एका रेषेत आला का आमी थांबतो. दुसरीकडं चर्चचा क्रूस नी टेकडीचा नाक. दोन रेषा जिथं मिळतात तिथं जाळा टाकायचा. आजा तसाच करायचा." ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तुमी काय मारता?"

"रानडुक्कर."

"मारता तर दिसत नाय काय डोल्यांनी? यंत्र कशाला?"

याचं उत्तर अस्मितानं दिलं. "मागच्या वर्षी अंतराचा अंदाज चुकला, नाखवा. माझे बाबा गेले त्यात."

नाखव्यांनी मान खाली घातली. सुनेनं माझ्या ताटात आणखी भाकरी टाकली. तिला वाटलं असावं, मीही दुःखातला माणूस आहे. मी ती भाकरी खाल्ली, कारण नको म्हणायलाही आवाज लागतो.

यंत्र तपासायला आम्ही वाळूवर गेलो. सूर्य पाण्याला टेकायला आला होता, म्हणजे डुकराच्या हाकाऱ्याचीच वेळ. अस्मिता म्हणाली, "गुरुजी, तुम्ही इथे थांबा. मी चालत जाते. थांबा म्हटलं की मोजा." हातात मोबाईल घेऊन ती किनाऱ्यानं चालू लागली. माझा फोन वाजला. मी तो डाव्या कानाला धरला, यंत्र उजव्या डोळ्याला.

"आता?" तिनं फोनवर विचारलं.

"चौतीस."

ती आणखी चालली. थोडी मागे आली, एका जागी थांबली आणि वळली. "आता?"

आत लाल आकडा उमटला. त्रेपन्न.

"त्रेपन्नच ना?"

"हो."

"मी तुम्हाला दिसतेय?"

दिसत होती. उघड्या डोळ्यांनीही दिसत होती. कपाळावर आलेले केस तिनं बोटानं मागे सारले, तेसुद्धा.

ती खाली बसली, उकिडवी, आणि परत उठली. "आता मी काय केलं, गुरुजी?"

यंत्र मी डोळ्यावरून खाली घेतलं.

"बाबांच्या जलदानविधीला गावी आले होते ना," फोनवर तिचा आवाज एकदम सपाट होता, "तेव्हा साइटवरचं लेसर माझ्या बॅगेत होतं. तुमच्या दगडावर बसले. खुंटी अजून तशीच होती, समोर पांढरा धोंडा होता, त्यावर धरलं. त्रेपन्न मीटर. तीनदा मोजलं. मला वाटलं माझं चुकत असेल, कारण गुरुजी खोटं कशाला सांगतील."

"अस्मिता..."

"तुम्ही डुकराला बसताना बघितलं होतं."

"हो," मी म्हणालो. "बघितलं होतं. लागला होता. मला आत जायची भीती वाटली."

वर्षभर जे वाक्य छातीवर बसलं होतं ते एवढंसंच होतं. म्हटल्यानं हलकं वाटेल असं लोक सांगतात. मला तसं काही वाटलं नाही.

ती किनाऱ्यावरून परत चालत आली. रडत नव्हती. "मी कुणाला बोलले नाही," ती म्हणाली. "आईला पण नाही. सरपंचांचा फोन आला ना, तेव्हा म्हटलं, येऊ दे यांना. घरी येऊन जेवतील आणि तरीपण गप्प बसतील का, ते बघायचं होतं मला. तुम्ही दोन दिवस जेवलात."

"आज सांगतो वहिनींना."

"तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

यंत्राचा नाखव्यांशी व्यवहार तिनंच ठरवला. मी बाहेर बोंबलांच्या मांडवाशी उभा होतो. परतीच्या होडीत ती माझ्यापासून चार माणसं सोडून बसली.

पुन्हा नाहूर

वहिनी ताटं मांडत होत्या. मी म्हणालो, आधी बसा, मला बोलायचं आहे. त्या जमिनीवर बसल्या, मीही समोर जमिनीवर बसलो. अस्मिता खिडकीशी उभी राहिली, डोंगराकडे तोंड करून.

मी सांगितलं. डुक्कर कुठे होतं, कसं बसलं, मी काय पाहिलं, काय बोललो. शिक्षकाला कोणतीही गोष्ट लांबवायची खोड असते, ती त्या दिवशी कामाला आली नाही. चार वाक्यांत संपलं.

वहिनींनी नामाच्या फोटोकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "ह्यांनी तुमाला इचारलं व्हतं का, लागला का म्हणून?"

"विचारलं होतं. मी हुकला म्हणालो."

"त्यापुढं काय इचारलं?"

हे मी अस्मिताला सांगितलं नव्हतं. वर वाचकांनाही सांगितलेलं नाही.

"नामानं विचारलं, मग जाळी उठवू का, गुरुजी?"

"आन् तुमी काय म्हणालात?"

"म्हणालो, उठव."

वहिनींनी डोळे मिटले. ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर मी ते डोक्यावर घेतलं असतं, खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो. त्या उठल्या. माझं ताट उचलून आत ठेवलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर त्यो डोळं झाकून जायाचा, गुरुजी. पोरीला तुमच्या शब्दावर शिकवली त्यानं. घरात कुणी न्हाई म्हणालं तर म्हणायचा, गुरुजींनी सांगितलंय."

मग त्या दाराकडे गेल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. त्या मजल्यावर उघडं दार मी पहिल्यांदाच पाहिलं. मी पिशवी घेतली. अस्मितानं यंत्राची पेटी माझ्या हातात दिली.

"हे गावाचं आहे," ती म्हणाली. "घेऊन जा."

परत गावी

मी पारावर सगळं सांगितलं. वनरक्षकाकडे लेखी दिलं, खाली सही केली. बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि परवाना परत केला. सरपंच म्हणाले, "गुरुजी, झालं गेलं, आता कशाला उकरून काढताय? फाईल तर बंद झाली होती." हाकाऱ्यांपैकी कुणी काही बोललं नाही, पण या हंगामात हाकाऱ्याला त्यांच्या वस्तीतून एकही माणूस आला नाही. बंदूकवाले तिघेच रानात गेले आणि रिकाम्या हातानं परतले. मका यंदाही झोपला.

यंत्र माझ्याकडेच पडून आहे. गावकीनं मागितलं नाही. वापरायचं कसं तेही कुणी विचारलं नाही.

मी ते एकदाच वापरलं. आमच्या परसातल्या पडवीत उभं राहिलं की ओढ्यापलीकडे नामाचं घर दिसतं. मधे बाभळी आहेत, पण हे शिकारीचं यंत्र, ते बाभळी सोडून देतं. मी त्याच्या दारावर धरलं. कडीला लावलेलं कुलूपसुद्धा दिसलं. आकडा आला एकेचाळीस.

जन्मभर मी त्याच्या घरी रस्त्यानं गेलो. देवळावरून खाली उतरायचं, पुलावरून वळायचं, वस्तीच्या मागून वर चढायचं. फार लांब पडतं, असं म्हणून बहुतेक वेळा गेलोच नाही.